कच्चा टाका

"कच्चा टाका शे, पन माप बरोबर शे."

अक्का असं म्हणाल्या की समजायचं, गेम घ्यायला हरकत नाही. "माप चुकनं" म्हणाल्या की विषय संपला. मग तो गेम कोणी फुकट दिला तरी त्या हात लावत नसत.

अक्का मेहरूणला आमच्या शेजारच्या घरात राहायच्या. माहेर भडगावकडचं, त्यामुळे सगळं बोलणं अहिराणीत. साठी ओलांडलेली. आयुष्यभर त्यांनी पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवला. आमच्या गल्लीतल्या बहुतेक पोरी त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला शिकल्या आणि त्यातल्या बऱ्याच रडत घरी गेल्या, कारण कपडा हातात आला की अक्का आधी तो उलटा करायच्या. बाहेरून कितीही सुरेख दिसो, आतली शिलाई बघितल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे.

मुलगी नोकरीला बाहेरगावी गेली आणि तिचा कॉम्प्युटर मागे राहिला. त्यावर पत्ते खेळता खेळता अक्का गेमच्या नादी लागल्या. चकचकीत, मोठ्या कंपन्यांचे गेम त्यांना नकोत. कुणा एकट्याने घरात बसून केलेले, स्वस्तातले, अर्धवट वाटणारे गेम त्या शोधून काढायच्या. "हाऊ रेडिमेड माल नही शे," त्या म्हणायच्या. "कोनी तरी हातशिलाई करेल शे."

तुम्ही बाजारात भरताची वांगी निवडणाऱ्या बायका पाहिल्या असतील. गेम निवडणारी बाई पाहिली आहे का? अक्का गेम सुरू झाला की कथेकडे ढुंकून बघत नसत. सरळ एखाद्या घराच्या मागे जायच्या, भिंतीला भिंत नीट जुळली आहे का बघायच्या, जमीन कुठे संपते ते बघायच्या. मग माउस सोडून देऊन हात मांडीवर ठेवायच्या.

"आते जरासं उभं राही देखू. आपले कोनी पूसस का."

एखादं कुत्रं जवळ आलं, झाडाचं पान हललं, की त्यांचं मत बनायला लागे. मी पक्का चिक्कू माणूस. दोनशे रुपयांचा गेम घ्यायचा तरी आठवडाभर विचार करणारा. अक्कांच्या जिवावर माझे किती पैसे वाचले, ते मलाच ठाऊक. नेटवर गेम जिथे विकायला असतो, त्या पानावर अक्का मराठीत आपलं मतही लिहायच्या, सगळ्या चुका एकामागून एक, कुणाची भीडभाड न ठेवता.

ते वाचूनच धुळ्याच्या एका मास्तरांचा त्यांना फोन आला. दिवसा पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे आणि उरलेल्या वेळात त्यांनी काही वर्षं खपून एकट्याने एक गेम केला होता. नाव 'फाटा'. यावलकडच्या रस्त्यावर केळीच्या बागांमधला एक फाटा, दुपारची वेळ. माणसं येतात, गप्पा मारतात, बसमध्ये चढून जातात. आपण ऐकत उभं राहायचं आणि वाटेल तेव्हा बसमध्ये बसायचं. बस, इतकाच खेळ. झाडांच्या सावल्या भलत्याच बाजूला पडायच्या, एक बकरी गुडघ्यापर्यंत जमिनीत बुडून चालायची. ते लोकांनी चालवून घेतलं असतं. पण गेम मध्येच बंद पडायचा. लोक पैसे परत मागत होते आणि कुठे अडकतंय ते मास्तरांना सापडत नव्हतं.

"अक्का, तुम्ही उसवून बघा," ते म्हणाले. "असंच चाललं तर मला हा गेम विक्रीतून काढावा लागेल."

मी विचारलं, "घेऊ का मग?"

"थांब," अक्का म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात विचारलं, तरी "थांब." त्याच्या पुढच्यालाही तेच. मत द्यायला अक्का इतक्या रेंगाळल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मास्तरांचे फोन येत होते आणि त्या "देखी राहिनू" म्हणून ठेवून देत होत्या.

एका दुपारी त्यांची वाटी परत द्यायला गेलो. दार उघडं होतं. अक्का खुर्चीत बसून कुणाशी तरी बोलत होत्या. मुलीचं पत्र्याचं कपाट विकावं की ठेवावं, असं काहीतरी. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पडद्यावर तो फाटा होता, आणि बागेच्या कडेला एक माणूस पाठमोरा उभा होता. राखाडी, कपड्यांना रंग नाही, केस नाहीत. डावा खांदा उतरलेला.

"हा कोण?"

"कोनी नही. पुतळा शे. मापले उभा करेल व्हता, काढानं राही गयं."

बसच्या दाराची उंची ठरवायला मास्तरांनी सुरुवातीला तो उभा केला असणार आणि नंतर विसरले असणार. दोन बस न चढता सोडून दिल्या तरच तो दिसे. एरवी दिसत नसे, पण असायचा तिथेच. बागेच्या कडेने जाणारा माणूस त्याला धडकला की गेम बंद. अक्कांना उभं राहायची सवय, म्हणून त्यांना तो पहिल्याच दिवशी दिसला होता.

"म्हणजे तुम्हाला चूक माहीत होती? मग मास्तरांना सांगितलं का नाही?"

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "डावा खांदा देख."

अक्कांचे यजमान एसटीत कंडक्टर होते. मी लहान असताना त्यांना पाहिलंय. बॅगेच्या ओझ्याने डावा खांदा कायमचा उतरलेला. एका सकाळी ड्युटीवर गेले, आणि वाटेतल्या एका स्टँडवर छातीत कळ येऊन तिथेच गेले.

"त्यासना शर्ट मीच शिवू," अक्का म्हणाल्या. "डावा खांदा अर्धा बोट उतरता. दुकानना शर्ट त्यासले कधी बसनाच नही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जोडे गयी का बंद पडस. म्हनीसन मी आठेच उभी राहस." म्हणजे जवळ जायचं नाही, लांबूनच बघायचं.

खरं सांगतो, मला भीती वाटली. त्या पुतळ्याची नाही, अक्कांची. आणि त्यांची फार कीवही आली. मी म्हणालो, "नका सांगू, अक्का. राहू द्या त्यांना तिथेच. मास्तर दुसरा गेम करतील."

तशा त्या भडकल्या.

"लोकेसना कपडा मी कितला दिन दाबी ठेऊ?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर धुळ्याला फोन लावला. काय आहे, कुठे आहे, सगळं सांगितलं. मास्तरांचा आनंद मला बाजूला बसून ऐकू येत होता. "आजच काढून टाकतो त्याला!"

"काढू नका," अक्का म्हणाल्या. "बसमा बसाडी द्या. आनि खांदा सरळ करू नका."

मास्तरांनी कारण विचारलं. अक्कांनी ते सांगितलं नाही.

दुरुस्त झालेला 'फाटा' आला त्या दुपारी आम्ही दोघं बसलो. अक्कांनी पहिली बस सोडली, दुसरी सोडली. तो बागेच्या कडेला उभा होता. या वेळी त्या चालत चालत अगदी त्याच्या पाठीशी गेल्या. गेम बंद पडला नाही. तिसरी बस आली तसा तो हलला, तोंड न वळवता दाराकडे गेला आणि डावा खांदा पुढे करून आत चढला.

"जा आते," अक्का म्हणाल्या.

आमच्याकडे निघालेल्या माणसाला असं कोणी म्हणत नाही. "या" म्हणतात. त्याही रोज सकाळी दारात उभ्या राहून "या"च म्हणत असणार. बस केळीच्या बागांआड दिसेनाशी झाली, तेव्हा त्या डोळे पुसून म्हणाल्या, "इतला दिन मीच त्यासले उभं करी ठेयेल व्हतं."

संध्याकाळी त्यांनी मत लिहिलं. सावल्या, बकरी, काही सोडलं नाही. शेवटी लिहिलं: माप बरोबर आहे, घ्या. मी त्याच दिवशी पूर्ण किंमत मोजून गेम घेतला. अक्कांनी मात्र तो पुन्हा उघडला नाही.

मागच्या हिवाळ्यात अक्का गेल्या. झोपेतच गेल्या. मुलीने घर आवरलं, कुलूप लावलं.

मी अधूनमधून 'फाटा' उघडतो. बस येते, तो माणूस चढतो, बस जाते. मी चढत नाही. या गेममध्ये बसमधून कोणी उतरत नाही. मास्तरांनी तसं केलेलंच नाही, आणि मीही त्यांना ते कळवलेलं नाही. तरी बस थांबली की मी तिच्या दाराकडे बघत उभा राहतो.