आक्काच्या रॉकेटची परवानगी

आमच्या आबांना परवानगी काढायचा नाद होता. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला कुस्तीचा, यांना परवानगीचा. बुद्धजयंतीला मंगळवार पेठेतल्या आमच्या दारासमोर चार खुर्च्या मांडायच्या तरी हे आठवडाभर आधी पोलीस चौकीत जाऊन यायचे. तहसील कचेरीत कारकून, त्यामुळे कुठल्या टेबलावर कोण बसतं हे तोंडपाठ. आम्ही बहिणी त्यांना मनसोक्त हसायचो.

नव्वदच्या दशकात आमची थोरली, म्हणजे आक्का, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं प्रोजेक्टला रॉकेट घेतलं. कमरेएवढं उंच, ओळखीच्या कारखान्यात लेथवर वळवून घेतलेलं. सरांनी सांगून ठेवलं होतं, उडवून दाखवलं तर रॉकेट, नाहीतर शोपीस. वर्गातल्या मुलांचा एक गटही रॉकेटच करत होता. त्यांनी एका सकाळी गाड्या काढल्या, टेकडीवर गेले, उडवलं आणि येताना मिसळ खाऊन आले. कुणी हटकलंसुद्धा नाही. आक्का घरी आली ती तणतणतच.

"मीपण उद्या उडवणार. मामाच्या रानात."

"परवानगी?" आबा जेवता जेवता म्हणाले.

"त्यांनी कुठं काढली?"

"त्यांचं कुणाच्या रानात पडलं, तर लोक हसत्यात आन् सोडून देत्यात. तुझं पडलं, तर आधी आडनाव इचारत्यात."

आबांच्या वडिलांनी दीक्षा घेतलेली, घराण्यातली पहिली सरकारी नोकरी आबांची, आणि आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे त्यांना कचेरीतल्या टेबलांइतकंच पाठ होतं. मला भयंकर राग आला. तो आबांवरचा नव्हता, पण समोर तेच बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून आबा कामाला लागले. अडचण अशी, की रॉकेट कशातच बसेना. एका साहेबांनी सुचवलं, आधी विमानतळाची हरकत नाही ना ते विचारून या. मामाचं गाव गडमुडशिंगी, धावपट्टी शेजारीच. तिथला रखवालदार म्हणाला, "पावणं, हितं इमान आलं तर आमीच बगाय जमतोय. उडवा की बिनधास्त!" पण आबांना तोंडी काही चालत नाही. ते त्याच्या साहेबाची सही घेऊनच हलले. पोलीस ठाण्यात हवालदारानं डोकं खाजवलं.

"ह्ये मिरवणुकीत बसत न्हाय, लाऊडस्पीकरात बसत न्हाय. गावात जत्रा हाय का?"

"हाय की, फुडच्या म्हैन्यात."

"मग शोभेच्या दारूत बसवतो."

झालं. कागद आला: यात्रेनिमित्त शोभेचे बाण उडविणे. दुसऱ्या कुणी तो खिशात घालून सोयीच्या दिवशी गुपचूप बाण सोडला असता. आबा म्हणाले, कागदावर जत्रा आहे, तर जत्रेतच उडणार. एवढ्यावरही भागलं नाही. मामाच्या रानाच्या चारी बाजूंच्या शेतकऱ्यांना गाठून, "तुमच्यात पडलं तर चालंल का?" असं विचारून आले. आक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अशा रीतीनं माझ्या बहिणीचं रॉकेट उडालं ते दोन कुस्त्यांच्या मधे. मैदान मामाच्या रानाला लागूनच होतं. भोंग्यावरून पुकारा झाला, "आता पोरगी बाण सोडणार हाय, मागं सरका!" हलगी कडाडली. शोभेची दारू म्हणजे तासभर तरी चालणार, म्हणून माणसं भेळेचे पुडे घेऊन ऐसपैस बसली. आक्कानं लांबून बटण दाबलं. सुर्रर्र! लोकांनी माना वर करेपर्यंत दिसेनासंही झालं.

"एवढंच व्हय?" कुणीतरी ओरडलं.

मग ते वरून तिरकं येताना दिसलं, आणि शेजारच्या उभ्या उसात खसकन घुसलं. हलगी थांबली. गर्दीतून आवाज आला, "कुणाची पोरगी ओ ही?"

आबांचा हात शर्टाच्या खिशातल्या कागदावर गेला. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो.

उसाचा मालक उठला. त्यानं पटका सारखा केला.

"गप की! मला इचारून पाडलंय. लावा फुडची कुस्ती."

आक्काला मार्क चांगले पडले. रॉकेट मात्र ऊस तुटल्यावरच सापडलं.

पुढं आक्का शिकायला परदेशी गेली आणि दोन हजारच्या दशकात तिकडंच एका खासगी कंपनीत लागली. कंपनी रॉकेटं उडवते. आक्काचं काम काय, तर सरकारकडून परवानगी काढायची! हे ऐकून मी फोनवर खो खो हसले. निवृत्त झालेल्या आबांनी माझ्या हातातला रिसीव्हरच ओढून घेतला.

"काय काय इचारत्यात गं?"

"वर कसं जाणार हे थोडंच, आबा. पडलं तर कुणावर पडंल आणि भरपाई कोण देणार, ह्यातच सगळा वेळ जातोय."

"म्हंजे उसवाल्याला इचारायचं."

"व्हय. तेच."

"मग? आला का कागद?"

"आज आला."

आबांनी पुढचं विचारलं, "आन् पडलं तर?"

फोनला कान लावून मीही ऐकत होते. आक्का म्हणाली, "पडलं तर कंपनीचं नाव इचारत्यात, आबा. आडनाव न्हाय इचारत."

आबा म्हणाले, "मग उडव की."