इक्बालने अडवलेला माल

"काका, अब्बा गेले..." इक्बालच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघत होतो. "कुठे गेले?" असं मी येड्यासारखं विचारलं. आदल्या दिवशी तर शहाद्याच्या स्टँडसमोर आम्ही चहा प्यायलो होतो. साखर फार टाकली म्हणून तो चहावाल्याशी हुज्जत घालत होता. हुज्जत घालणारा माणूस असा न सांगता जातो, हे माझ्या डोक्यात शिरेचना. दुपारच्या नमाजानंतर माती दिली. मीही मूठभर टाकली आणि हात न धुताच ब्राह्मणपुरीला परत आलो. आता त्याचा चाळिसावा दिवसही होऊन गेला. लिहायला बसलो आहे खरा, पण त्याच्याविषयी 'होता' असं लिहिताना हात अजून अडतो.

आमची ओळख शाळेतली. मी ब्राह्मणपुरीहून एस.टी.ने शहाद्याला यायचो. त्याच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान स्टँडजवळच होतं. मधल्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या बाजूला कापसाच्या ढिगावर बसून आम्ही डबे उघडायचो. माझ्या डब्यात कळण्याची भाकरी आणि आईच्या हातच्या काळ्या मसाल्याची भाजी. ती भाजी इक्बाल खायचा आणि त्याच्या आईचे पराठे मी. कपड्यांवर कापूस, बोटांना तेल! दोघांच्याही आया आम्हाला रोज शिव्या घालत.

तो शिकला, परीक्षा दिली आणि कस्टममध्ये लागला. आमच्याकडे तेव्हा ना समुद्र कोणी पाहिलेला ना परदेशाची हद्द. गुजरातकडे जाताना ट्रक थांबवतात, ते नाकेच लोकांना माहीत. त्यामुळे पोरगं नाक्यावर लागलं, आता घर भरेल, असं सगळे बिनदिक्कत बोलायचे. इक्बालला त्याचा भारी राग. सुट्टीवर आला की मी मुद्दाम हाक मारायचो, "काय रे कस्टम, काय धरं आज?" मग तो चिडून समजवायला लागायचा. बाहेरून येणारी हत्यारं, नशेची पावडर, चोरटं सोनं, रोगट बियाणं, सगळं त्याच दारात अडवायचं आणि त्याच दारातून आपला माल मात्र वेळेवर बाहेर पाठवायचा. अडवणारा हात आणि सोडणारा हात एकाच माणसाचा. "नुसतं अडवणं सोपं असतं रे," म्हणायचा. मी मान डोलवायचो. खरं सांगू? तेव्हा ऐकायचो त्यातलं निम्मं कानाबाहेरच जायचं.

कळलं ते फार पुढे, आणि चांगलं पोळून कळलं. आम्ही गावातल्या काही शेतकऱ्यांनी गट करून केळी आखाती देशात पाठवायचं ठरवलं. व्यापाऱ्याच्या दारात उभं राहून भाव ऐकायचा कंटाळा आला होता. पहिला कंटेनर आमच्याच शेडमध्ये भरला. कंटेनर थंडगार राहणारा, खोक्यांवर गावाचं नाव छापलेलं. अख्खं गाव बघायला जमलं होतं. हा माल नीट पोचला तर पुढचं दार उघडणार होतं, आणि बिघडला तर गट तिथेच मोडणार होता. अर्धे जण आधीच कुरकुरत होते. त्यांना मीच भरीला घातलेलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पहिलं पीक नुसतं विकत नाहीत. त्यातला वानवळा शेजारीपाजारी जातो. आणि माल लांब चालला असेल, तर घेणाऱ्यासाठी घरातलं काहीतरी सोबत जातं. पूर्वी बैलगाडीतून जायचं, मग ट्रकमधून जायला लागलं. आई कंटेनरपाशी आली ती काळ्या मसाल्याची गाठोडी घेऊनच. जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधलेली. "पहिला माल शे बेटा. परमुलूखमा जाई ऱ्हायना. रिकामा हातनी कसा जाई?" कोणालाच वावगं वाटलं नाही. शेवटच्या रांगेतल्या खोक्यांत केळी कमी केली, गाठोडी ठेवली, वर टेप मारली. कागदावर फक्त केळी. मसाला काय विकायचा होता? तो तर आपुलकीचा! आपुलकी कागदावर लिहायची असते, हे आमच्या बापजाद्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

बंदरावर यंत्रातून बघताना ती खोकी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसली आणि कंटेनर बाजूला काढला गेला. तिथला वरिष्ठ कोण असावा? आमचा इक्बाल. कागदांवर गटाचं नाव होतं, त्यावरून त्याला काही उमगलं नाही. खोकं फोडलं, फडकं सोडलं, आत काळपट पावडर. केळीच्या आड लपवलेली! मग त्याने खोक्यावरचं गावाचं नाव वाचलं. त्यानंतर त्याने एकच केलं. आपल्या साहेबाला सांगितलं की हा माल माझ्या मित्राचा आहे, तपासणी दुसऱ्याकडे द्या. आणि तो मागे सरकला.

पावडर तपासायला गेली. जहाज आमचा माल न घेताच सुटलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी इक्बालला फोन लावला. एकदाच उचलला त्याने. "दादा, मी आते काहीच सांगाव नही. तुले जे इचारतीन ते खरं सांग." बस, ठेवला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, ज्याने आयुष्यभर हा मसाला ओरपला, त्याला एवढं म्हणता येऊ नये की हा मसाला आहे? गटातले लोक मलाच धरून बसले, तुमचा दोस्त, तुमचा दोस्त. त्या दिवसांत घरात इक्बालचं नाव काढायची सोय नव्हती.

शेवटी मसाला तो मसालाच ठरला. कागदावर न लिहिल्याबद्दल ताकीद मिळाली, दंड झाला आणि माल पुढच्या जहाजाने गेला. केळी तिकडे हिरवीगार पोचली. कशी टिकली म्हणून आम्हीच चकित. घेणाऱ्याने पुन्हा माल मागवला आणि गट वाचला. मी मनाशी म्हटलं, नशीब. तेवढ्यावर तो विषय मी मिटवला.

ईदच्या सुट्टीत इक्बाल आला तो थेट आमच्या ओसरीवर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईसमोर खाली बसला. आईने तोफ डागली, "काय रे, मन्हा मसाला जहर शे का?"

"माय, खोकं उघाडं नि वास उना... मी वळखा. तुन्हाच मसाला."

"वळखा, मंग सांगं का नही?"

तो मग म्हणाला, "मी वळखा म्हनीसन तो मसाला ठरत नही, माय. उद्या दुसरा कोनी त्याना वळखीना मानूसनं खोकं असंच सोडी दी. त्यामा काय व्हई, कोनले मालूम?"

"मंग चाखी देखता नही का?" आई म्हणाली, आणि तो असा खदखदून हसला की मलाही हसू फुटलं. आईने त्याला जेवायला वाढलं. वाढताना बडबड चालूच. त्यानंतर आमचा माल दर हंगामात जात राहिला आणि वानवळा मात्र पार्सलने, कागद करून, वेगळा. इक्बाल निवृत्त होऊन शहाद्याला परतला, तेव्हा गटाच्या पोरांना हे कागद करायलाच शिकवायचा. त्या दिवसांविषयी मात्र पुन्हा एक अक्षर बोलला नाही.

चाळिसाव्याला बंदरावरचे म्हात्रे आले होते, त्याच्या हाताखाली काम केलेले. कोणीतरी माझी ओळख करून दिली, ब्राह्मणपुरीचे, केळीवाले. म्हात्रे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "म्हणजे मसाल्याचा कंटेनर तुमचा?" मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. अडवलेला कंटेनर थंड राहायचा तर विजेला जोडलेला लागतो. तिथल्या धावपळीत जोडणी निघते, कोणाच्या लक्षात येत नाही आणि आतला माल शिजून जातो. तपासणीचा निकाल येईपर्यंत इक्बाल आपलं काम संपलं की रोज त्या कंटेनरपाशी जाऊन उभा राहायचा. कागदांना हात लावला नाही, कोणाकडे शब्द टाकला नाही. फक्त वीज चालू आहे ना, थंडाव्याचा आकडा बरोबर आहे ना, ते बघायचा. एकदा जोडणी निघालेली सापडली तेव्हा घामाघूम होऊन माणसं शोधत धावला. "आम्ही हसायचो," म्हात्रे म्हणाले. "साहेब, केळी राखताय का, असं विचारायचो."

मला तिथे बसवेना. बाहेर गल्लीत येऊन भिंतीला टेकलो आणि रडलो. माती देताना रडलो नव्हतो. इतकी वर्षं माझ्या ओसरीवर बसून जेवला हा माणूस, आईच्या शिव्या खाल्ल्या, माझे टोमणे खाल्ले... आणि हे सांगितलं नाही. अरे, सांगायचं होतंस की रे!

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई आता फार थकली आहे. ऐकू कमी येतं, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तो कामवरथीन सुटे नि तठेच उभा ऱ्हाये. मंग त्याले जेवाले कोन दे? तू इचारं का?"

मी विचारलं नव्हतं.