गच्चीवरच्या दोन सूर्यचुली

माझ्या सासऱ्यांना दुपारी गरम वरण-भात लागायचा. हौस म्हणून नव्हे, पोटात अल्सर होता म्हणून. मऊ खायचं, गरम खायचं आणि वेळेवर खायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळचं झाकून ठेवलेलं गार अन्न पोटात गेलं की त्यांना कळ उठायची. मग ते भिंतीला पाठ टेकून, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने पोट दाबून बसायचे. बरं, स्वतः गरम करून घ्यावं तर स्टोव्हला हात लावायची बंदी. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा पिकायला आलेला. एकदा अंदाजाने रॉकेल ओतताना त्यांच्या धोतराचा सोगा पेटला होता. मी धावले म्हणून निभावलं.

त्यामुळे दुपारी मी घरात असणं हा आमच्या घराचा नियमच झाला होता. कुणी तो केला नव्हता, पण होता.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पावसाळा सरता सरता कामठीच्या एका शाळेतून मला निरोप आला. तिथल्या एक बाई दिवाळीनंतर बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या आणि त्यांच्या जागी उन्हाळी सुट्टीपर्यंत कुणीतरी हवं होतं. माझं बी.एड.चं प्रमाणपत्र लग्नापासून सहा वर्षं ट्रंकेत, साड्यांच्या खाली, डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडलं होतं. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मुख्याध्यापिका माझ्या उत्तराची वाट पाहणार होत्या. सकाळी साडेनऊला बस धरायची आणि संध्याकाळी साडेपाचला परत यायचं.

माझा नवरा कोराडीला वीज केंद्रात होता. पहाटेची बस गाठायचा आणि परत आला की शर्टाची कॉलर राखेने करडी झालेली असायची. माणूस भला. तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, "तू पाह्य. पण बाबाच्या जेवणाचं काय?"

त्या 'पण'चा मला इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. तो बरोबर बोलला होता, म्हणून तर जास्तच राग. शेजारच्या काकूंनी आनंदाने वाढलं असतं, पण रोज दुसऱ्याच्या दारात ताटली घेऊन उभं राहणं बाबांना जमणारं नव्हतं. तेव्हा मी मनातल्या मनात शाळेला नकार लिहूनही टाकला होता.

बाबांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. एका सकाळी बुद्धवंदना आटोपून, टोपी घालून ते एकटेच बाहेर पडले. मला बसची पाटी वाचायला लावल्याशिवाय कुठे न जाणारा माणूस दुपारचे दोन वाजले तरी घरी नाही, म्हणून मी दारात उभी. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक सायकलरिक्षा दिसली. रिक्षात दोन मोठ्या पेट्या, आणि बसायला जागा उरली नाही म्हणून रिक्षाच्या मागून चालत येणारे आमचे बाबा.

"हे काय आणलं?" मी विचारलं.

"सूर्यचूल. सरकारी कचेरीतून. दोन तऱ्हेच्या हायेत. महिनाभर दोन्ही वापरून पाह्यच्या अन् पसंत पडन ते ठेवाची. जाळ नाही, रॉकेल नाही. आता सांग, मी कसा पेटतो?" आणि ते स्वतःच हसत सुटले.

पेट्या गच्चीवर चढवल्या. एक पत्र्याची, चांगली वजनदार, तिच्या झाकणाला भला मोठा आरसा. दुसरी पांढऱ्या फायबरची, हलकी, आरसाही लहान. दोन्हींच्या आत काळे डबे. तांदूळ-डाळ पाणी घालून ठेवायची, वर काच लावायची आणि आरशातलं ऊन आत पडेल अशी पेटी फिरवत राहायचं. एवढंच.

पहिल्या दिवशी डाळ शिजली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ऑक्टोबरचं ऊन असं की गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता, आणि पेटीतली डाळ मात्र दाताखाली कटकन वाजायची. नवऱ्याला चेष्टेला विषय मिळाला. "बाबा, कोराडीत गाड्या भरभरून कोयसा जाळतो, तवा कुठं वीज होते. अन् तुमचं हे फुकटचं ऊन वरण शिजवते काय!"

चौथ्या दिवशी मी कपडे वाळत घालायला वर गेले आणि सगळा उलगडा झाला. बाबा दोन पेट्यांच्या मधे स्टूल टाकून बसलेले. दर पाच मिनिटांनी एकीचं झाकण उघडायचे, डाळ चिमटीत दाबून बघायचे, बंद करायचे. मग दुसरीचं. काच उचलली की आतली सगळी वाफ भसकन त्यांच्या तोंडावर.

"बाबा, काहून उघडून राहिले सारखं? ऊब सगळी निघून जाते ना!"

"मंग पाह्यचं नाही? काम सुरू अन् नजर दुसरीकडे?"

तीस वर्षं ते मिलमध्ये मागावर होते. धाग्यावरची नजर हलली की धागा तुटणार, तुटला की कापडात खोट. आयुष्यभर त्यांनी कामावरून नजर काढली नव्हती आणि मी त्यांना सांगत होते, बघू नका. मी त्यांना हात धरून खाली आणलं, समोर सुपात गहू ठेवले आणि म्हटलं, "हे निवडा. मी सांगेपर्यंत वर जायचं नाही." त्यांनी गहू काय निवडले देव जाणे! निम्मे खडे तसेच राहिले. जीव सगळा गच्चीत. मिलचा बाराचा भोंगा वाजला तसे ते सूप टाकून उठले.

पत्र्याच्या पेटीतलं वरण लोण्यासारखं मऊ झालं होतं. फायबरच्या पेटीतला भात शिजला होता, डाळीला अजून थोडी कसर होती. बाबांनी डाळीचा एक दाणा बोटांत चिरडला आणि माझ्यासमोर धरला. मला रडू आलं. मी वाफेवर ढकललं.

मग पंधरा दिवस आम्ही दोघांनी ती तुलना अगदी मन लावून केली. घड्याळाचे काटे बाबांना दिसायचे नाहीत म्हणून सगळा हिशेब भोंग्यावर. पत्र्याची पेटी बाराच्या भोंग्याच्या आधी वरण शिजवायची. फायबरची एक वाजवायची, कधी त्याहून जास्त. भाजीला पत्र्याची सरस. भाताला दोन्ही सारख्या. बाबांचा निकाल लागला होता, माझाही लागला होता. पत्र्याचीच ठेवायची. दिवाळीच्या आधी मी कामठीला जाऊन मुख्याध्यापिकांना 'येते' म्हणून सांगून आले. येताना बसमध्ये मी स्वतःशीच हसत होते आणि शेजारची बाई माझ्याकडे जरा सांभाळून बघत होती.

दिवाळीनंतरचा सोमवार माझ्या शाळेचा पहिला दिवस. त्याच्या आदल्या शनिवारी बाबा नळाखाली डोळे धूत होते. डोळे लालबुंद. विचारलं तर म्हणाले, "धूळ गेली." मला ते खरं वाटलं. पण रविवारी पुन्हा तेच, तेव्हा मी पाय न वाजवता गच्चीवर गेले.

पत्र्याची पेटी जड. ती फिरवायची तर समोरून कडी धरून ओढावी लागे, आणि समोर तो मोठा आरसा. साऱ्या उन्हाचा झोत थेट बाबांच्या तोंडावर. ऑपरेशन झालेला डोळा, वर तो जाड भिंगाचा चष्मा. ते मान वळवून, डोळे घट्ट मिटून चाचपडत पेटी ओढत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

मी तिथेच ओरडले. काय काय बोलले ते आता आठवायचीही लाज वाटते. पंधरा दिवस डोळे जाळून घेतले आणि मला सांगितलं नाही, मी कोण लागते तुमची, वगैरे. शेवटी म्हटलं, "मी नाही जात शाळेत. उद्याच निरोप पाठवते."

बाबा माझ्यावर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "पाठव. पण माह्या नावानं पाठवू नको! तीस वर्षं मिलमधे कापूस खाल्ला म्या, पोरगा शिकला पाह्यजे म्हणून. घरात सून आली तेही शिकलेली. सहा वर्षं झाले, वरण गरम करून राहिली. माह्यासाठी! तुले काय वाटते, ते वरण मले गोड लागते? घास अटकते वं बाई. रोज अटकते."

मी पायरीवर बसले. तेही बसले. मला माझं सहा वर्षांचं घुसमटणं माहीत होतं. त्यांनाही काही होत असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. इतका राग मी वाहत होते आणि ज्यांच्यावर तो होता, ते तोच घास रोज गिळत होते.

मग मी उठले आणि फायबरची पेटी ओढली. एका हाताने सरकली. आरशाच्या मागे उभं राहून गुडघ्याने ढकलली तरी वळत होती. मागे उभं राहिलं की झोत अंगावर येत नव्हता. प्रश्न एवढाच की आरशाच्या पाठीमागून, न बघता, ऊन आत बरोबर पडतंय हे कसं कळणार. बाबांनी जरा विचार केला. मग मागे उभं राहून त्यांनी आरशाच्या कडेवरून हात खाली काचेवर धरला आणि पेटी हळूहळू फिरवू लागले. एका जागी थांबले. "इथं तळहात पोयते," म्हणाले. मी समोरून पाहिलं. ऊन काचेच्या बरोबर मधोमध पडलं होतं. मी म्हटलं, "पुन्हा करा." त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा मधोमध.

वरण एक वाजता होणार होतं. तोवर अकरा वाजता दोन केळी खायची, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आणि सोमवारी कामठीच्या बसमध्ये बसले.

महिना भरला तसा एका रविवारी कचेरीतला तरुण साहेब नको असलेली पेटी न्यायला आला. सोबत एक छापील कागद होता. कोणती पेटी पसंत आणि का, ते भरून द्यायचं होतं. बाबा म्हणाले, "दोन नंबर. फायबरची." साहेब गोंधळला. बाबांनीच सांगितलेले भोंग्यांचे हिशेब त्याने लिहून घेतले होते. "आजोबा, पहिली तर तासभर आधी शिजवते. मग दुसरी चांगली कशी?"

"साहेब, वरण तासभर मागून झालं तं काही बिघडत नाही. सून शायेले निघाली का मी दारात उभा राह्यतो. पयले हे पोरगी बाजाराले गेली तरी धा वेळा मागं पाह्यची. बाबा काय करते, बाबा पडते काय, बाबा पेटते काय. आता शायेत जाते तं मागं वळून पाह्यत नाही. म्हणून हे चांगली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिव."

मी पेन हातात घेऊन तशीच बसले. घरापासून गल्लीच्या वळणापर्यंत शंभर-दीडशे पावलं होती आणि मी रोज सकाळी त्या वळणावर थांबून मागे पाहत होते. दारात टोपी घालून ते उभे असायचे, अंगणातल्या नळाच्याही पलीकडचं काही न दिसणारे डोळे माझ्या दिशेला लावून.

"लिवलं काय?" बाबांनी विचारलं.

"लिहिते," म्हटलं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: सून मागे वळून पाहत नाही.