तळपायाचा डाग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, डाग मीच ओळखला.

लातूर-औसा एसटीत शेजारच्या बाईची माशाच्या खवल्यांसारखी कातडी पाहून मी उठलो, पलीकडच्या बाकावर मांडी घालून बसलो. ती खुदकन हसली.

"दादा, माझा रोग जन्माचा हाय, चिकटत न्हाई. पण तुमच्या तळव्याचा काळा डाग डॉक्टरला दाखवा. माझ्या कातडीवर दवाखान्यात अभ्यास करायलेत, ऐकून ऐकून मी बी निम्मी डॉक्टरीण झाले!"

सगळी बस हसली. मीही.

डाग कॅन्सरचाच निघाला, पण वेळेत काढला. परवा माहूरचा डोंगर अनवाणी चढून आलो, वर पोचल्यावर लहान मुलासारखा नाचलो.

औशापर्यंत तिच्या शेजारी बसून जाणं माझ्याकडून अजून राहिलंय.