बावतीसच्या शोकेसमधली पुतळी

रिटायर झालेल्या कारकुनाकडे दोन गोष्टी साठतात: जुने रेल्वे पास आणि किस्से. पास बायकोने केव्हाच रद्दीत घातले. किस्से रद्दीवालासुद्धा घेत नाही, म्हणून ते असे कुणाला तरी सांगावे लागतात. माझ्याकडचे बरेचसे एकाच बाकड्यावर जमले. ते बाकडं माणिकपूरला, बावतीसच्या जनरल स्टोअर्सबाहेर होतं.

बावतीस आधी फोर्टात एका जाहिरात कंपनीत पार्सलं बांधायचा. पार्सलं बांधता बांधता साहेबलोकांचं बोलणं कानावर पडलं आणि याला साक्षात्कार झाला. "भाऊ, गिऱ्हाईक डोक्याने घेत नाही, मनाने घेतं! ते मन आपण वळवायचं!" ऐंशीच्या आसपास त्याने नोकरी सोडली आणि दुकान टाकलं. मी आणि ड्रॉइंग शिकवणारे नाईकमास्तर संध्याकाळी तिथे बसायचो. गिऱ्हाईक सोडून बाकी सगळे यायचे.

शेवटी ठरलं, नाताळपर्यंत दुकान चाललं नाही तर बावतीस गल्फला जाणार. चुलतभावाने तिकडे काम बघून ठेवलं होतं. पासपोर्ट बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवलेला असायचा. बावतीसची बायको मार्था बरण्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायची. तिच्या वेलांट्या छत्रीच्या दांड्यासारख्या वळायच्या. गल्फबद्दल ती चकार शब्द काढत नसे. धूळ पुसताना पासपोर्ट मात्र रोज जरा आणखी मागे सारायची.

*

पहिला प्रयोग सेलचा. बावतीसने माझ्याकडून बोर्ड लिहून घेतला, 'भव्य सेल! आज शेवटचा दिवस!'

"कालही शेवटचाच होता ना?" मी विचारलं.

"भाऊ, घाई झाली की माणूस विचार करत नाही!"

बोर्ड पाच महिने लटकला. एकदा होळीच्या बाजारातून भाजी घेऊन आलेली एक बाई दुकानात शिरली, टॉवेल उलटासुलटा करून पाहिला आणि परत ठेवून दिला.

"घ्या की! आज शेवटचा दिवस आहे!" बावतीस म्हणाला.

"आज जरा गडबड आहे," बाई शांतपणे म्हणाली, "उद्या शेवटच्या दिवशी येते."

*

मग चहाच्या पुड्यावर स्टीलचा चमचा फुकट ठेवला. पाचूबंदरची एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन आली.

"चमचा दे."

"मावशी, आधी चहा घ्यायचा."

"चाय हाय घरात. चमचा कितीला?"

"चमचा फुकट आहे."

"फुकट हाय, मंग दे की!"

बावतीसने तिला अर्धा तास जाहिरातशास्त्र समजावलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आली आणि काउंटरवर एक बांगडा ठेवला.

"हा तुला फुकट," ती म्हणाली, "पन याच्यावर पाटीतले पन्नास इकत घ्यायचे!"

त्या आठवड्यात बावतीसच्या घरी रोज बांगडा होता. मार्थाने नाईकमास्तरांना सांगितलं, "मन वळवणं म्हणजे काय, ते आता आम्हाला कळलंय!"

*

बावतीसचं म्हणणं, गर्दी दिसली की गर्दी जमते. एका शनिवारी त्याने आम्हा आठ-दहा जणांना काउंटरसमोर उभं केलं. "नुसते उभे राहा. आपसात बोला. मधूनमधून मान हलवा."

सरकारी नोकरीत हेच केलेलं असल्यामुळे मला काही जड गेलं नाही. जागा कमी पडली तशी आपोआप आमची रांग झाली. दहा मिनिटांत मागे पाच माणसं लागली, पंधरा मिनिटांत तीस! बावतीस गल्ला उघडूनच बसला. मग नाईकमास्तरांनी मागे वळून पाहिलं आणि माझ्या कानाशी लागले.

"भाऊ, यांच्या हातात डबे आहेत."

त्या दिवसांत रांग एकाच गोष्टीला लागायची, रॉकेलला. रॉकेल नाही हे सांगायचं काम बावतीसने माझ्यावर सोपवलं. तिसाच्या तीस जणांचा ठाम विश्वास होता की रॉकेल आहे आणि आम्ही ते लपवलंय. दुसऱ्या दिवशी पुरवठा खात्याचा इन्स्पेक्टर आला. दुकानभर हुंगून गेला आणि जाताना एक कंगवा घेऊन गेला. त्या प्रयोगात विकली गेलेली ती एकमेव वस्तू!

*

नंतर सिनेमाची स्लाइड. 'सुखी संसारासाठी बावतीस जनरल स्टोअर्स!' नाईकमास्तरांनी गुलाबाची फुलंबिलं काढून झकास रंगवली. मध्यंतरात दाखवायची असं ठरलं होतं. पण ऐन मारामारीत रीळ तुटलं आणि ऑपरेटरने पडदा मोकळा नको म्हणून आमची स्लाइड लावली. वीस मिनिटं!

पब्लिकने शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या. कुणीतरी ओरडलं, "बावत्या, पिक्चर चालू कर!" आणि सगळं थिएटर तेच ओरडायला लागलं.

पुढे महिनाभर दुकानावरून जाणारा प्रत्येक सायकलवाला ओरडून जायचा, "बावत्या, पिक्चर चालू कर!"

"नाव तर झालं ना!" बावतीस म्हणायचा. पण एका संध्याकाळी मी पासपोर्ट बरणीमागून पुन्हा पुढे आलेला पाहिला.

*

नाताळला पाच आठवडे राहिले तेव्हा त्याने शेवटचा डाव टाकला. काचेचं शोकेस केलं आणि आत एक पुतळी उभी केली. अंगात बिनबाह्यांची लाल मॅक्सी. पंधरा दिवस पुतळी रस्त्याकडे बघत उभी होती, रस्ता तिच्याकडे बघत नव्हता.

मग एका रविवारी प्रवचनात फादर कडाडले, "आपल्या गावात एका दुकानाच्या काचेत एक निर्लज्ज पुतळी उभी आहे! आपल्या लेकीसुनांनी तिच्याकडे मान वर करूनही बघू नये!"

चर्चमधला मिस्सा संपला आणि अख्खं देऊळ तडक शोकेससमोर! लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा काचेला नाक लावून किती निर्लज्ज आहे ते बघत होत्या. लेकीसुना आत शिरल्या. मॅक्सी संपल्या, फ्रॉक संपले, रिबिनी संपल्या, पाच महिन्यांचे टॉवेलही गेले. नाताळपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"शोकेसचा कोन बघा, भाऊ!" बावतीस म्हणत होता. "सगळी जादू त्या कोनाची!"

नाताळनंतर फादरनी मला बोलावून घेतलं.

"मी बघू नका म्हणालो आणि सगळे बघायला गेले. आता मिस्साला येऊ नका म्हणून सांगून बघतो!" असं म्हणत त्यांनी ड्रॉवरमधून एक पत्र काढलं. "पुतळीची तक्रार या निनावी पत्रात आली होती. तुम्ही ऑफिसात असली पत्रं पाहता. अक्षर कुणाचं?"

'फादर, त्या पुतळीपासून आमच्या मुलींना वाचवा,' असं लिहिलं होतं. पुतळीपासून, मुलींना, दोन्हीकडे वेलांट्या छत्रीच्या दांड्यासारख्या वळलेल्या.

"ओळखीचं वाटत नाही, फादर," मी म्हणालो.

तिथून दुकानात आलो. बिस्किटांच्या बरणीमागे आता बिस्किटांची दुसरी बरणी होती. बावतीस दोन बायकांना प्रेशर कुकर दाखवत होता. मार्था चिठ्ठी लिहीत होती. मी तिच्या पेनाकडे बघत राहिलो. तिने वर पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि हळूच म्हणाली,

"भाऊ, कुकरचं पत्र तुम्ही लिहाल का?"