खोतांच्या बंगल्यामागचा चिरा

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. भूतखेत, बाधा, राखणदार... स्टाफरूममध्ये कोणी असले विषय काढले की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाते. त्यामुळे "मॅडम, भास झाला असेल" असं लिहायला ज्यांची बोटं आत्ताच शिवशिवताहेत, त्यांनी कृपया थांबावं. तेच वाक्य मी दोन महिने स्वतःला ऐकवतेय आणि आता मला त्याचा वीट आलाय.

रत्नागिरीहून निघालं की पावसच्या अलीकडे आत वळल्यावर खोतांचा एक जुना बंगला लागतो. नाव लिहीत नाही. चिऱ्याचं बांधकाम, पुढे मोठं खळं, भोवती हापूसची आणि जायफळाची बाग. आता तिथे तिकीट काढून आत सोडतात, हेरिटेज म्हणे. दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे जायचा बेत केला. नवऱ्याला लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत शिफ्ट होती, म्हणून मी, माझी नऊ वर्षांची सुजाता आणि माझे वडील असे तिघंच निघालो. वडील म्हणजे आबा, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक.

आबा नको म्हणत होते. "कशाला तिकडे? बागा काय कधी बघितल्या नाय?" मी चिडले. तुमच्यामुळे पोरीची प्रत्येक सुट्टी फुकट जाते, असं तोंडावर बोलले. ते छत्री उचलून गाडीत जाऊन बसले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गाइड बाई उत्साही होत्या. हे कलम खोतांनी लावलं, ती विहीर खोतांनी खोदली... सगळं खोतांनीच. मनात म्हटलं, कुदळ घेऊन स्वतः उतरले असतील बिचारे! आबा छत्री उघडून दहा पावलं मागे चालत होते.

बारा वाजता आम्ही पडवीपाशी आलो. 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी होती, शेजारी रॅक. सुजाताने सँडल काढले, पण रॅककडे बघितलंही नाही. ते डाव्या हातात धरले. उजवा हात डोक्यावर नेला, वर काहीतरी तोलून धरावं तसा, आणि मान खाली घालून बंगल्याच्या कडेकडेने मागे चालायला लागली.

"सुजू, अगं तिकडे नाही!" मी हसतच हाक मारली. मला वाटलं, हिचं काहीतरी नाटक चाललंय. ती वळली नाही. 'प्रवेश बंद'च्या दोरीखालून पलीकडे गेली, तशी मी धावले.

मागच्या दारापासून पंधरा-वीस पावलांवर, क्रोटनच्या कुंड्यांमध्ये एक चिरा जमिनीत रुतलेला होता. ती बरोबर त्यावर उभी राहिली. सँडल बाजूला टाकले, डोक्यावरचं नसलेलं ओझं वाकून खाली ठेवलं आणि ओरडली, "पातेरा आनलाय वो!"

पातेरा म्हणजे झाडांखालचा वाळका पाला. माझी मुलगी सेमी-इंग्लिशला आहे. आमच्या फ्लॅटमध्ये हा शब्द कोणी कधी उच्चारलेला नाही.

मग तिने ओंजळ करून तोंडाला लावली... आणि पाणी प्यायला लागली. खरंच पाणी! वर काही नव्हतं — नळ नाही, पाइप नाही, दाराला बाहेरून कुलूप. तरी उंचावरून पाणी पडत होतं, फ्रॉक भिजत होता. आणि ते पाणी चांगलं नव्हतं. तहान भागवायला घातलेलं ते नव्हतंच, तोंडावर मारलेलं होतं. तिला ठसका लागला, श्वास घेता येईना, चेहरा लालबुंद झाला, पण हात खाली घेईना. आई असून मी नुसती उभी होते.

आबा कधी आले कळलंच नाही. छत्री फेकून त्यांनी तिचे हात खाली ओढले. "हात खाली कर गो बाय! खाली कर!" मग त्या बंद दाराकडे वळून, मी जन्मात ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडले, "ही माझी नात हाय! हिला कोनी वरनं पानी घालायचं नाय!"

पाणी थांबलं.

आबांनी गुडघ्यावर बसून तिच्या पायात सँडल घातले, हाताला धरलं आणि सरळ पुढच्या दाराने आत नेलं.

"काका, चपला..." गाइड बाई म्हणाल्या.

"नाय काढायच्या."

आत फीत बांधलेली एक मोठी खुर्ची होती. फीत बाजूला सारून आबा नातीला घेऊन त्या खुर्चीत बसले.

परत येताना गाडीत ते बोलले. "माझी आये ह्या बागेत डोक्यावरनं पातेरा वाहायची. आमच्या लोकांनी चपला हातात घेऊन मागनं जायचं, त्या चिऱ्यावर थांबायचं. तहान लागली तर ओंजळ धरायची. पुढं घरानं धम्म घेतला, आयेनं काम सोडलं. तुम्हा पोरांना सांगायचंच नाय असं मी ठरवलं. म्हटलं, माझ्याबरोबर जाईल ता."

सुजाताला काहीच आठवत नाही. डॉक्टर झाले, समुपदेशक झाल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. पाणी कुठून आलं, तो शब्द कुठून आला... विज्ञानाची शिक्षिका म्हणून सांगते, माझ्याकडे उत्तर नाही. राग मात्र भरपूर आहे.

कारण तेव्हापासून ती दारात थांबते. आमच्याच घराच्या. आत ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. रोज सव्वाचारला आबा दारात उभे राहून म्हणतात, "ये गो बाय, घर तुझाच हाय," मग हसत आत येते, खाऊ मागते.

गेल्या गुरुवारी आबांना ताप होता, गोळीने त्यांचा डोळा लागला. मी साडेपाचला शाळेतून आले तेव्हा सुजाता बाहेर उभी होती. सँडल हातात, ओठ सुकलेले. दार सताड उघडं होतं.