शेगडीचे पाच अँपियर

दिवे गेले तेव्हा मी दिवाणखान्याच्या दारात उभी होते, हातात पाण्याची कळशी. आत संक्रांतीचं हळदीकुंकू. सासूबाई अंधारातूनच म्हणाल्या, "आली का पांढऱ्या पायाची? गेला का उजेड?"

बायका हसल्या. मी सोळाची, विधवा. आणि अशी दीडशहाणी की मलाही ते पटलं. मागच्या खोलीत जाऊन चिमणीकडं टक लावून बसले, विझते का बघत. विझली नाही. तर वाटलं, माझी नजर विजेलाच बाधत असेल.

जालन्यात तेव्हा वीज मोजक्या घरी. सासरे वकील. शेजारच्या कापसाच्या जिनिंगातून त्यांनी तार ओढून घेतली होती. त्या संक्रांतीपासून मला दिवाणखाना बंद. सासूबाईंनी बजावलं, "पुन्हा दिवा गेला तर न्हाव्याला बोलवीन." माझे केस कमरेखाली यायचे. वडिलांनी भांडून ते वाचवले होते.

भाऊजी, म्हणजे माझे दीर, माझ्याच वयाचे. मॅट्रिकचा अभ्यास मोठ्यानं करायचे. भिंतीपलीकडून ऐकून मला पाठ झालं. व्होल्टला अँपियरनं भागलं की तारेचा अडथळा, ओहममध्ये. गुणलं की ताकद, वॅटमध्ये.

एकदा विजेची शेगडी घासताना तिच्या बुडाशी काही छापलेलं दिसलं. भाऊजींनी वाचून दाखवलं: दोनशेवीस व्होल्ट, पाच अँपियर. मी कोळशानं मागच्या खोलीच्या फरशीवर मांडलं. भागून चव्वेचाळीस ओहम. गुणून अकराशे वॅट.

"भाऊजी, घराच्या फ्यूजची तार किती सोसती?"

"पाच अँपियर."

"मंग ते सगळे शेगडीच खाती. दिव्यांना काय राह्यलं? वर दिवे लागले की तार जळती. हळदीकुंकवाला शेगडीवर चहा ठेवल्ता."

त्यांनी दोनदा तपासलं. "बराबर आहे, वहिनी. बिलकुल बराबर."

मी तव्यावरच्या भाकरीसारखी फुगले. वाटलं, उत्तर बरोबर आलं की दार उघडतं.

नणंदेच्या साखरपुड्याला मला मागच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी. त्याआधी भाऊजींना म्हटलं होतं, "दिवे असताना शेगडी लावू देऊ नका." दिवेलागणीला पाहुणे आले. दिवे लागले. चहा चढला. दिवे गेले.

सासूबाईंचा आवाज आला, "कोंडली तरी नजर पोचलीच तिची. उद्या न्हाव्याला बोलवा."

मी भिंतीला कान लावला. आता भाऊजी सांगतील. सांगतीलच.

भाऊजी म्हणाले, "आई, कंदील कुठंय?"

एवढंच.

तोवर मी समजत होते, यांना कळत नाही म्हणून मी कोंडलेली आहे. भाऊजींना तर कळत होतं. कोळशाची आकडेमोड अजून फरशीवर होती. मी ती पायानं पुसली.

सकाळी कडी निघाली. परसात न्हावी वस्तरा परजत बसला होता. मी परसात गेले नाही. डोक्यावरचा पदर खाली, केस मोकळे, सरळ दिवाणखान्यात शिरले. सासरे, भाऊजी, मुक्कामाचे पाहुणे चहा पीत होते. फ्यूजला नवी तार बसली होती. मी बटन दाबलं. भर दिवसा दिवा लागला.

सासूबाई म्हणाल्या, "कुठं निघाली?"

"वाटूरला. बापाच्या घरी."

भाऊजी कपबशीत बघत होते. मी पुढच्या दारानं उतरले.

बाप घरात घेईल की नाही, ठाऊक नव्हतं. पुढं दुसरं लग्न, पोरं, नातवंडं, तो सगळा नंतरचा खटाटोप. पण उंबऱ्यावरच ठरवलं: यापुढं माझं गणित कोणाला तपासायला द्यायचं नाही.